लांब शिट्टी

शर्टाच्या डाव्या खिशातून शिट्टी काढायची, बाहीला पुसायची, एकदा आभाळाकडे बघायचं आणि मग वाजवायची. आभाळाकडे कशाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शिट्टी वाजली की दोन बोटं वर करून म्हणायचे, "आधी ऐका, मग हला." तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर होऊन गेला असेल, ज्याला मुलं नावानं नाही तर त्याच्या वस्तूनं ओळखतात. नगरच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे आणि स्काउटचं पथक चालवणारे हे सर 'शिट्टी सर' होते. मी गणिताचा, त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान आणि स्वतःला बराच हुशार समजणारा.

त्यांच्या शिट्टीला व्याकरण होतं. एकच लांब वाजली की गप्प उभं राहायचं. लहान लहान, भरभर वाजली की धावत सरांकडे यायचं. लांब, मग थांबून पुन्हा लांब, पुन्हा लांब, अशी वाजली की पांगायचं, जितकं दूर जाता येईल तितकं जायचं. मुलांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की एकदा चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं कुणा रिक्षावाल्यावर लांब शिट्टी मारली आणि आमची दोन पोरं सायकली धरून भर रस्त्यात पुतळ्यासारखी उभी राहिली. पोलीस त्यांना शाळेत घेऊन आला. सरांनी पोरांना काहीच म्हटलं नाही. उलट पोलिसालाच अर्धा तास बसवून, चहा पाजून, शिट्टी जपून का वाजवावी हे समजावलं. घरीही बायकोला चहासाठी शिट्टीनं बोलवायचा प्रयोग त्यांनी करून पाहिला होता, तो एका दिवसात बंद पडला.

शिक्षकांनीही हे संकेत शिकावेत अशी त्यांची फार इच्छा होती. स्वतःच्या हातानं तक्ता काढून त्यांनी शिक्षकखोलीत लावला. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं द्या, एवढंच मागत होते. मी म्हणालो, "सर, आमच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की भात होतो. तेवढी भाषा मला पुरते." सगळे हसले. सरही हसले, पण त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही.

आणखी एक त्यांचा हट्ट होता. इतर पथकांत गटाच्या नायकाजवळही शिट्टी असते. सरांच्या पथकात एकच, ती त्यांच्या खिशात. दोन शिट्ट्या म्हणजे दोन हुकूम, मग पोरांनी ऐकायचं कुणाचं, असं ते म्हणत. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरात कॅम्प होता. सोबत जाणार होते ते शिक्षक आजारी पडले, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. मी बूट नवे घेतले आणि बाकी तयारी काही केली नाही. तिसऱ्या दिवशी मार्ग शोधण्याचा खेळ होता. सरांनी आदल्या दिवशी पठारावर दगडांचे बाण मांडून ठेवले होते. सात-सात मुलांचे चार गट, एकामागून एक निघायचे, बाण बघत पठार ओलांडायचं आणि अकरापर्यंत खाली परत यायचं. निघताना सरांनी दोन गोष्टी बजावल्या. वाट चुकली तर एका झाडाखाली बसून राहायचं, हलायचं नाही. आणि कड्याला आग्या मोहोळं आहेत, ती उठली तर मी पांगायची शिट्टी देईन, मग एकत्र राहायचं नाही, तोंड झाकून कारवीच्या झुडपांत जिकडे वाट मिळेल तिकडे पळायचं.

अकराला तीन गट आले. चौथा आला नाही. त्याचा नायक सुमित, आठवीतला, पथकातला सर्वांत विश्वासाचा मुलगा. बारा वाजले. तोवर पठारावर ढग उतरून बसला होता, खालून डोंगराचा माथाच दिसेना. सर, मी आणि वाट दाखवायला वाडीतले तात्या असे तिघं वर निघालो. खाली मुलांपाशी स्वयंपाकाच्या मावशी राहिल्या.

पठाराच्या तोंडाशी ओल्या कातळावरून सरांचा पाय निसटला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. तात्यांनी पाय चाचपला आणि म्हणाले, "सर, ह्यो पाय आता टेकायचा न्हाई. मी वाडीतनं मानसं अन् झोळी घेऊन येतो. तुमी हितंच ऱ्हावा." मोबाईलला रेंज नव्हतीच. तात्या उतरले. सर एका दगडाला टेकून पडले होते, चेहरा पांढरा झाला होता. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, बाहीला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्ही पुढं व्हा. पोरं ही शिट्टी ओळखतात. वाजवत राहा."

मी गेलो. कारवी डोक्याच्या वर, ढगामुळे दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. लांबवर आवाज जावा म्हणून मी छातीत मावेल तेवढा सगळा वारा भरून वाजवली. मग थांबून कान दिला. मग पुन्हा, तशीच. कुणीही शहाणा माणूस अशीच वाजवेल. दीड तास मी ती शिट्टी वाजवली. मध्येच रानात काही धावल्यासारखं वाजलं, मला वाटलं रानडुक्कर असेल.

ती सात पोरं तिथून फार तर दोनशे पावलांवर एका जांभळाखाली बसली होती. शिकवल्याप्रमाणे बसली होती. शिट्टी ऐकून आधी त्यांना आनंद झाला, आणि मग तिचा अर्थ लागला. मोहोळ उठलंय. सुमितनं सहा जणांना तोंड झाकायला लावलं, एकेकाला वेगळ्या दिशेनं पिटाळलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः पळाला. मी जितका जीव तोडून वाजवत होतो, तितकी ती दूर जात होती.

आणि सर ते ऐकत होते. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे होता. माझी एकेक शिट्टी त्यांना स्पष्ट ऐकू येत होती आणि त्यांची हाक माझ्यापर्यंत पोचत नव्हती. मोडक्या पायानं ते कातळावरून कोपरांवर सरकत वर यायला बघत होते. तात्या माणसं घेऊन आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कोपरांची सालटं निघाली होती. झोळीत बसायला ते तयार नव्हते. आधी त्यांनी एका तरण्या गड्याला माझ्याकडे पळवलं. त्यानं निरोप आणला, "सर म्हनत्यात, लांब वाजवू नका. बारीक बारीक, भराभर वाजवा. लांब म्हंजी लांब जा असं हाय."

मला तक्ता आठवला. मी तिथंच बारीक बारीक, भराभर वाजवू लागलो.

पाऊण तासात कारवीतून पहिला बाहेर आला. ओरबाडलेला, रडून रडून डोळे सुजलेला. मग दुसरा. साडेचारपर्यंत सहा झाले. माझ्या हातात शिट्टी बघून ते मला येऊन बिलगले. सातवा येईना. वाडीची माणसं साखळी करून उतरली आणि उन्हं कलताना सुमित ओढ्याच्या कपारीत सापडला. डावा हात कोपरातून मोडलेला, डोक्याला खोक, शुद्ध अर्धवट. राजूरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये सर आणि तो शेजारी शेजारी होते. सर सारखे त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि पाहू नये असंच मला वाटत होतं.

चौकशी झाली. पालक चिडलेले होते, आणि का चिडू नयेत? मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांकडून लेखी मागितलं. मी अर्धं पान लिहिलं, जे झालं तेच लिहिलं, आणि देण्याआधी सरांच्या घरी गेलो. ते प्लास्टर घातलेला पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. त्यांचा कागद कालच मुख्याध्यापकांकडे पोचला होता. लांब शिट्टी त्यांच्याच हातून चुकून वाजली, पडल्यामुळे भान राहिलं नाही, नंतर सोबतच्या शिक्षकांनी योग्य संकेत देऊन मुलांना गोळा केलं, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

मी म्हणालो, "सर, हे खोटं आहे. तुम्ही तक्ता लावला होता. मी हसलो होतो."

"वाजवत राहा, एवढंच म्हणालो मी. कशी वाजवायची ते सांगितलं नाही. चूक कुणाची?" मग म्हणाले, "माझी तीन वर्षं राहिलीत, तुमची वीस. तो कागद फाडून टाका."

मी फाडला. फाडताना मला हायसं वाटलं. ते वाटलं नसतं तर आज मी स्वतःकडे जरा बरं बघू शकलो असतो.

स्काउटचं पथक त्यांच्याकडून काढून घेतलं आणि वर्षभरात बंदच झालं. सव्वीस जानेवारीला पालकांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं, प्रसंगावधान राखून मुलांना वाचवल्याबद्दल. टाळ्या वाजवायला सुरुवात सरांनीच केली. उरलेली तीन वर्षं ते किंचित लंगडत वर्गावर जात, भूगोल शिकवत आणि शनिवारी दुपारी मैदानाकडे पाठ करून वह्या तपासत. मी समोर बसलेला असायचो. बोलायला विषय खूप होते, आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

गेल्या वर्षी ते गेले. दहावा त्यांच्या गावी, कोल्हारला, प्रवरेच्या घाटावर होता. आपल्याकडे दहाव्याला माईक असतोच. एक निवृत्त सहकारी बोलले, फार चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, डोंगरातली ती एक चूक सोडली तर सरांच्या नोकरीत बोट ठेवायला जागा नव्हती. लोकांनी माना हलवल्या. सरांची बायको पायरीवर खाली बघत बसली होती. तिला खरं माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला. आता सांगायचं, असं ठरवूनच नगरहून निघालो होतो. मी म्हणालो, सर शिस्तीचे होते, वेळेचे पक्के होते, मुलांवर त्यांचा जीव होता. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते तसंच गिळलं आणि माईक परत दिला.

गर्दी हलली तेव्हा एक उंच तरुण माझ्यापुढे आला. मी ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितलं, सुमित.

"सर, त्या दिवशी तुम्ही नसता तर आम्ही काही सापडलो नसतो," तो म्हणाला आणि वाकला. डावा हात कोपरात सरळ होत नव्हता, म्हणून त्यानं उजव्या एका हातानंच माझ्या पायांना स्पर्श केला. मला पाय मागे घेता आले नाहीत.