थोरल्याच्या वावरातली सळई
परवा हार्डवेअरच्या दुकानात लाल वायरचं रीळ दिसलं आणि शेंदूरजनाघाटजवळची ती संत्र्याची बाग आठवली. बाग उन्हाळ्यात वाळत चालली होती आणि बोअर कुठे मारायचा, हे जमिनीत वीज सोडून शोधायला मला बोलावलं होतं. खोलवरचा अंदाज घ्यायचा तर वायर लांब नेऊन टोकाला सळई ठोकावी लागते. एक सळई नेमकी मालकाच्या थोरल्या भावाच्या वावरात येत होती आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मी सळई ठोकून कोरड्या मातीत मिठाचं पाणी ओतलं, तसा थोरला धावत आला. “माह्या वावरात मीठ काहून टाकून राहिले?” वीज नीट जावी म्हणून, असं मी सांगितलं. “म्हंजे माह्या खालचं पानी या वायरीतून त्याच्याकडे जाईन!” तसं होत नाही हे पटवताना माझा घसा सुकला. “थांबा, मीच धरून पाहतो,” म्हणत त्यानं सळईला हात घातला आणि तेवढ्यात तिकडे माझ्या मदतनीसानं वीज सोडायचं मशीन चालू केलं. थोरला धपकन मातीत बसला. धाकटा धुरा ओलांडून पळत आला. “भाऊ, लागलं का गा?” थोरला हात झटकत म्हणाला, “काही नाही झालं बे. पन पानी लय जोराचं हाये!” पुढे बोअरला पाणी खरंच लागलं. अजूनही तिकडे गेलो की थोरला मला चहा पाजतो आणि आल्यागेल्याला सांगतो, “साहेबाची मशीन होती, पन पानी मी पाह्यलं.”