चालीतला दोष

मस्कतच्या माबेला भागातल्या आमच्या घरात एकच गोष्ट ऐसपैस आहे, ती म्हणजे हॉल. घरमालकाने तो पाहुण्यांच्या मजलिससाठी बांधलेला, भिंतीला टेकून अख्खं गाव बसेल असा. आम्ही तिघंच. एका कोपऱ्यात सोफा, दुसऱ्यात टीव्ही आणि मधे नुसती फरशी. पुण्याहून येणारे पाहुणे म्हणायचे, अगं, इथे काहीतरी ठेव. मी काही ठेवलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्या फरशीवर माणसं वाकडी चालायला लागली.

कृत्रिम पाय बसवणं आणि दुबळ्या पायाला, पाठीला आधार देणारे स्प्लिंट बनवणं हा माझा व्यवसाय. पुण्यात मी तो बरीच वर्षं केला. मग नवऱ्याला मत्रहला बंदराजवळच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, आणि मुलगी लहान म्हणून मी घरी बसले. ती मोठी झाली तेव्हा मस्कतमधल्या एका क्लिनिकने मला घ्यायची तयारी दाखवली. मात्र आधी लायसन्स. ते हातात पडेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही.

लायसन्सच्या त्या प्रकरणाने माझ्या नाकी नऊ आणले. डिग्री खरी आहे हे कॉलेजने कळवायचं, अनुभव खरा आहे हे हॉस्पिटलने कळवायचं, वर्तन चांगलं आहे हेही कोणीतरी कळवायचं. (शेवटचं नवऱ्याला विचारलं असतं तर अर्ज तिथेच बाद झाला असता, असं तो म्हणायचा.) मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, ती मी पास झाले. राहिली होती तोंडी. ती हुकली असती तर कामात पडलेला खंड नियमापेक्षा मोठा झाला असता आणि फाईल बंद. म्हणजे मी उरलेलं आयुष्य मॉलमध्ये बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत काढायचं. तेही मी करतच होते. हात नुसते शिवशिवायचे.

तोंडी परीक्षेत माणसांच्या चालण्याचे व्हिडिओ दाखवतात आणि दोष विचारतात, असं कळलं. तेव्हा नवरा म्हणाला, "व्हिडिओ कशाला, आम्ही आहोत ना."

आणि दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नाश्ता झाल्यावर, आमचा खेळ सुरू व्हायचा. माझ्या पुस्तकातून तो एक दोष निवडायचा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसा चालायचा आणि वळून विचारायचा, "दोष?" मी लगेच उत्तर द्यायचं. कमरेतून एका बाजूला ढळत चालणं, पाय कडक ठेवून अर्धवर्तुळात फिरवणं, टाच फाडकन आपटणं, सगळं तो इतकं झोकात करायचा की मला हसू आवरायचं नाही. मुलगी हातात फोन धरून वेळ लावायची. वरच्या मजल्यावर सावंतवाडीकडचे एक एसी मेकॅनिक राहतात, ते एकदा चहाला आले आणि तेही उभे राहिले. डुलत डुलत टोक गाठून म्हणाले, "वयनी, सांगा बघूया, माझा काय चुकला?"

"तुमचं काही चुकलं नाही. चप्पल मोठी आहे."

"ती ह्यांचीच घातलंय," ते म्हणाले, आणि नवऱ्याची चप्पल काढून ठेवून चहा प्यायला बसले.

पुढे पुढे नवरा एकच चाल करायला लागला. डावा पंजा खाली लोंबायचा, म्हणून गुडघा जरा जास्त उचलून पाऊल टाकायचा. पाण्यातून चालणारा माणूस चालतो तसा. "दोष?" म्हणायचा. मी म्हणायचे, "फूट ड्रॉप. पंजा उचलणारी नस गेली. पुढचा!" पुढचाही तोच. एकदा तर ऑफिसातून येताना फाटकापासून दारापर्यंत तसाच आला. मी खिडकीतून ओरडले, "अरे, दुसरं काही येतं की नाही?"

"आई, बाबा चीटिंग करतोय," मुलगी म्हणाली. "सेम वॉक परत परत करतो. ही इज नॉट इव्हन ट्राइंग."

"मला ही छान जमते," तो म्हणाला आणि सोफ्यावर बसला. मी पुस्तकात डोकं घातलं.

परीक्षेच्या आधीचा शुक्रवार. दारातलं चपलांचं कपाट वाळूने भरलं होतं, म्हणून मी सगळे जोड बाहेर काढून झटकत होते. त्याचे ऑफिसचे काळे बूट हातात आले. उजवा ठीक होता. डाव्याचं टोक घासून पांढरं पडलं होतं, आतलं कातडं दिसत होतं.

मी तिथेच दारात फतकल मारून बसले. बूट खोटं बोलत नाहीत, हे मी पुण्यात हाताखालच्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि नाटकाला प्रेक्षक लागतात. ऑफिसातल्या कॉरिडॉरमध्ये, पार्किंगमध्ये, जिथे मी नव्हते तिथे हा माणूस कोणासाठी पाय घासत चालत होता? दुनियेच्या चाली ओळखणारी मी, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार.

मी आत गेले. तो पेपर वाचत होता. मी बूट त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "कमरेत आधी चमक आली. मग पंजा उचलेना झाला. रोज एवढं गाडीत बसून होतं, त्याने असेल. डावा आहे, ऑटोमॅटिक गाडी आहे, ड्रायव्हिंगला काही प्रॉब्लेम नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पुस्तक मिटलं असतंस."

मला असा राग आला की काय सांगू. नस दाबली गेली असेल तर वेळ काढण्यात काय धोका असतो हे मी त्याला ओरडून सांगितलं, मधेच रडले, परत ओरडले. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि बापाच्या पायाशी जाऊन बसली. मी म्हटलं, परीक्षा गेली खड्ड्यात, तारीख रद्द करते. तेव्हा मात्र त्याचाही आवाज चढला. एरवी तो चढवत नाही.

"रद्द केलीस तर मी इतके दिवस कशाला लंगडलो? दवाखान्यात येतो, आत्ता येतो, म्हणशील ते करतो. पण तू परीक्षेला बसायचं."

गेलो. मणक्यातली गादी सरकून नसेवर आली होती. डॉक्टर म्हणाले, नस मेलेली नाही, सध्या विश्रांती, व्यायाम आणि पायाला स्प्लिंट; सुधारलं नाही तर ऑपरेशनचं बघू. स्प्लिंटसाठी त्यांनी पाठवलं ते नेमकं मला घेऊ पाहणाऱ्या क्लिनिकमध्येच.

तिथला केरळचा तरुण ऑर्थोटिस्ट, माझ्याच व्यवसायातला, मला ओळखत होता. त्याने तयार स्प्लिंट आणला, नवऱ्याचा पाय हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आप भी देख लीजिए ना."

माझ्या नवऱ्याचा पाय. त्याच्या घोट्यावर लहानपणच्या सायकलचा व्रण आहे, तो मला डोळे मिटून सापडेल. पण या खोलीत त्या पायाला हात लावायचा हक्क त्या मुलाला होता, मला नव्हता. आणि चिडायचं तरी कोणावर? पुण्यात माझ्याकडे एक बाई यायच्या, ओळखीतल्या कोणीतरी प्रेमाने बनवून दिलेल्या पट्ट्यामुळे पायाला जखम घेऊन. तो पट्टा बनवणाऱ्याचे हातही चांगलेच होते म्हणे. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि म्हटलं, "आप कीजिए." त्याने नीट केलं. नवरा माझ्याकडे बघून गालात हसत होता, त्याचा मला परत राग आला.

तोंडी परीक्षेला समोर एक ओमानी डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. व्हिडिओ झाले, मी दोष सांगितले. शेवटी त्यांनी विचारलं, पेशंट दारातून आत आला की आधी काय बघाल? पुस्तकातलं उत्तर आहे, चाल. माझ्या तोंडून निघालं, "बूट."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"चाल माणूस माझ्यासमोर बदलू शकतो. बूट माझ्यामागे झिजलेले असतात." आणि मग, विचारलं नसताना, मी त्यांना नवऱ्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा पाय आता कसा आहे ते विचारलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "खलास, झालं. यल्ला, चल, घरी जा, त्याच्याकडे बघ."

लायसन्स आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. ऑपरेशन टळलं होतं. पंजा थोडा थोडा उचलला जायला लागला होता, पण तयार स्प्लिंट बोचायचा. डॉक्टरांनी मापाचा बनवायला सांगितला. क्लिनिकमधली माझी पहिली अपॉइंटमेंट कोणाची असणार, हे रिसेप्शनच्या मुलीलाही पाठ होतं.

तो येऊन बसला. मी खाली स्टुलावर बसले आणि त्याच्या पायाकडे हात नेला. त्याने पाय मागे घेतला.

"मॅडम, आधी लायसन्स दाखवा."

मी कार्ड दाखवलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, मुदत कधी संपते तेसुद्धा. मग पाय पुढे केला. इतक्या वर्षांनी माझ्या तळव्यात कामासाठी दिलेला पाय आला, आणि तो त्याचा होता. माप घेताना मला डोळे पुसावे लागले. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला.

आठवड्याने स्प्लिंट तयार झाला. तो घालून वर बूट चढवून तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मी कमर बघितली, गुडघा बघितला, टाच बघितली. पंजा कुठे घासत नव्हता. सरळ, साधा, आमच्या लग्नात चालत आला होता तसा चालला.

टोकाला वळून म्हणाला, "दोष?"

"एकच," मी म्हटलं. "दुखलं तरी सांगत नाही."

तो खुर्चीत येऊन बसला, आणि मग घोट्याच्या वरची जागा बोटाने दाखवून, जरा चाचरत म्हणाला, "इथे... इथे थोडं टोचतंय."

"बूट काढ," मी म्हटलं आणि स्टूल पुढे ओढलं.