झाडावरचा उजवा हात

निघताना आईनं उजवा हात पुढं करायला लावला आणि तळहातावर दही-साखर ठेवली. "हात नीट धर. सांडू देऊ नको," ती म्हणाली. दारात तुम्ही सगळे होतात: दादा, वहिनी, शेजारची दोन-चार माणसं. दही खाऊन मी हात नव्या पँटला पुसला, म्हणून निघता निघता बोलणीही खाल्ली. औशाच्या स्टँडवर एसटीत बसलो तरी बोटं चिकट लागत होती. पुण्याजवळ मोशीला दाजींची खोली होती आणि चाकणच्या एका कंपनीत त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. थोडी वर्षं काढतो आणि परत येतो, असं मी वहिनीला सांगितलं होतं. आता ते आठवलं की हसू येतं, पण ते काही बरं हसू नव्हे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त आपण कधी बोललो नाही. पत्र्याचे पार्ट काढायच्या प्रेसवर होतो. माणसाचा हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्याला होता, पण त्यानं काम हळू होतं म्हणून तो बंद ठेवलेला. उजव्या हाताचं पहिलं बोट आणि मधलं बोट तिथं राहिलं. मला मग पॅकिंगला टाकलं. तेव्हापासून गावाकडं पाठवलेले फोटो बघा, माझा उजवा हात एकाही फोटोत सापडणार नाही. तो खिशात असतो, नाहीतर पोरीच्या पाठीमागं.

इकडं मात्र त्याचं कुणाला काही वाटत नाही. टपरीवर एखादा विचारतो, "भावा, प्रेस का?" मी हो म्हणतो. तो चहाचा कप उचलतो तेव्हा दिसतं, त्याचाही अंगठा अर्धाच आहे. मग आम्ही शिफ्टबद्दल बोलतो.

माझी मुलगी श्रावणी महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. तिच्या वर्गात लातूर-बीडची पोरं आहेत, बिहारची आहेत, ओडिशाची आहेत, एक नेपाळची आहे. आपल्या शाळेत पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडले तर कसला दिवस असायचा? इथं प्रत्येक गोष्टीचा दिवस असतो. मातृभाषेचा, पोशाखाचा, पदार्थांचा, दिव्यांगांचा. पोशाखाच्या दिवशी पोरांना कुठलं तरी राज्य व्हावं लागतं. श्रावणीला नऊवारी नेसवून महाराष्ट्र केलं होतं. नऊवारी तिच्या आईनंही कधी नेसलेली नव्हती, शेजारणीनं व्हिडिओ बघून नेसवली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अशाच एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी बाईंनी पालकांच्या हातांचं झाड करायचं ठरवलं. प्रत्येक पालकानं रंगात हात बुडवून कागदावर ठसा द्यायचा. ते ठसे कापून पानं करायची आणि खाली लिहायचं, 'हात वेगळे, झाड एक'. इकडं कंपन्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते म्हणून ठसे गुरुवारी ठेवले. नाहीतर मी आरामात निसटलो असतो.

रांगेत मी डावा हात पुढं केला. श्रावणीनं तो खाली केला. "उजवा द्या ना पप्पा. सगळ्यांनी उजवाच दिलाय." माझ्यापुढं ओडिशाचा एक गडी होता, त्याच्या ठशाला करंगळी नव्हती. रंगाची थाळी धरून शाळेच्या मावशी बसल्या होत्या. त्या या भागात जुन्या, त्यांनी वर मान करून पाहिलंही नाही. मी खिशातून हात काढला. कागदावर हिरवा तळवा उठला आणि त्याला तीन बोटं. श्रावणीनं कागदामागं माझं नाव घातलं, वर फुंकर मारत बसली. एवढ्या माणसांत तो हात उघडा ठेवून मी प्रथमच उभा होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कार्यक्रमाच्या सकाळी श्रावणीनं मला ओढतच भिंतीपाशी नेलं. झाड सुरेख झालं होतं. ती एकेका पानाला बोट लावत खालून वर गेली, मग वरून खाली आली. "पप्पा, तुमचा हात कुठाय?" मीही शोधला. सगळ्याच हातांना पाच बोटं होती.

श्रावणीच्या बाई निगडीहून येतात, यंदाच लागल्यात. पोरांवर फार जीव. ठसे घेताना त्या दुसऱ्या वर्गात होत्या. पानं चिकटवताना त्यांना काही ठसे अर्धवट दिसले. रंग नीट लागला नसेल असं समजून त्यांनी शाळा सुटल्यावर थांबून ब्रशनं बोटं पुरी केली होती.

"माझ्या पप्पांचा हात नाहीये इथं," श्रावणी रडत म्हणाली. बाई तिला समजवायला वाकल्या आणि तेवढ्यात त्यांचं माझ्या हाताकडं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला खरंच वाटलं, रंग लागला नाही. मी आत्ता काढून..." मी म्हणालो, "असू द्या बाई. पाहुणे आलेत." पाहुण्यांनी झाडाचं कौतुक केलं, फोटो निघाले. मी हात खिशात घातला.

मे महिन्यात तुमच्याकडं आलो होतो. निघायच्या दिवशी आईनं नेहमीसारखं दही आणलं. हल्ली तिला कमी दिसतं. "हात नीट धर," एवढंच ती म्हणते, पुढचं वाक्य अपघाताच्या वर्षापासून तिनं टाकलंय. बोटं नाहीत तिथून दही ओघळायला लागलं. श्रावणीनं न सांगता आपली ओंजळ खाली धरली. आईनं चाचपून तिचा हात पाहिला आणि आत निघून गेली. तिला रडू आलं असणार. मलाही आलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. झाड अजून तिथंच आहे, कुणी काढलेलं नाही. पोरीला सोडायला जातो तेव्हा आम्ही त्याच्यासमोरूनच जातो. तिकडं ती बघतही नाही. चालता चालता माझ्या खिशात हात घालते, माझा उजवा हात बाहेर काढते आणि उरलेली बोटं धरून वर्गापर्यंत जाते. तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं? माझं घर वर्गाच्या दारापर्यंत असतं. तिनं हात सोडला की मी तो परत खिशात घालतो आणि कंपनीच्या बसकडं निघतो.