दिगूच्या नावाचा करा

चाळीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्याला बाकावर उभं करायचो. घरी बायकोनं नातवाची दृष्ट काढली, तर मिरच्या फुकट गेल्या म्हणून कुरकुर करायचो. त्यामुळे या गूढ अनुभवांच्या सदरात माझं नाव पाहून जुने विद्यार्थी हसतील. खुशाल हसा! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो. पण हे माझ्याच तोंडून घडलंय... अगदी शब्दशः तोंडून.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अकोल्याचा, वय सतरा. वडील हेडमास्तर, त्यामुळे घरात सगळी पुस्तकी मराठी. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मामाकडे धामणगाव बढेला गेलो — मलकापूर स्टेशनात उतरून पुढे बैलांच्या दमणीनं. मामाच्या घराला लागूनच आप्पाजींचं घर. त्यांचा मुलगा दिगू आदल्या उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत बुडून गेला होता. तो माझ्याच वयाचा. कसा पडला, का पडला, कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून त्याच्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला होता. पोरगा गेला तरी एकदाही रडली नाही म्हणे. दिगू मळ्यात गेलाय, येईल, एवढंच म्हणायची. तो आल्याशिवाय जेवायची नाही. नुसती हाडं उरली होती.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात उभा होतो, तर तिनं येऊन माझा हातच धरला. "दिगू, किती येळ केला रे! चाल, भाकर थंडी होऊन राह्यली."

मी मामाकडे पाहिलं. मामा हळूच म्हणाला, "जाय बापा. तिच्या पोटात दोन घास तरी जातील."

गेलो. मी जेवलो, मग ती जेवली. त्या दिवसापासून रोज दुपारी मी दिगू झालो.

वाढायला कमळ असायची. दिगूची बहीण, सोळा वर्षांची. त्यांचं आमचं घराणं सोयरीक जमण्यासारखं, पण आई अशी म्हटल्यावर तिच्या लग्नाची बोलणी दारातूनच परत जायची. पहिले चार दिवस ती खाली मान घालून ठेचा वाढायची. पाचव्या दिवशी इतका वाढला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली. नंतर तिनं अंगणात शेवया वाळत घातल्या आणि मला कावळे हाकलायला बसवलं. "मॅट्रिक झालेला मानूस कावळे मस्त हाकलते हो," म्हणायची. मीही बेटा बसायचो! रणरणत्या उन्हात तीन तीन तास. माझ्या पुस्तकी भाषेची नक्कल करायची, आणि हसता हसता मध्येच गप्प व्हायची. मी विचारलं तर म्हणाली, "हासलो की दिगूची आठवन येते. मंग वाटते, आपन काऊन हासून राह्यलो."

मला ती आवडत होती. साधं सांगायचं तर मी पार वेडा झालो होतो, आणि तिच्या घरात तिचा भाऊ म्हणून जेवत होतो. आई समोर बसलेली असली की कमळकडे नीट बघायचीही चोरी.

अखितीच्या चार दिवस आधी शेवया गोळा करताना तिनंच विषय काढला. आमच्याकडे अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचं भांडं पाण्यानं भरून पूजतात — पुरुषासाठी करा, बाईसाठी केळी. आप्पाजींनी दिगूचा करा आणला होता.

"माय भरू नाई देनार," कमळ म्हणाली. "तुमी सर्वायसमोर सांगा तिले — मी दिगू नोहे, वसंता आहो म्हनून. मी आप्पाजीशी बोलली. ते म्हनतात, एकडाव हे निस्तरलं की तुमच्या मामाशी बोलतो." एवढं बोलून ती लाजली. मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

अखितीच्या सकाळी आप्पाजींनी पाटावर करा मांडला आणि पाण्याची पहिली धार सोडली. आतून दिगूची आई धावत आली. तिनं करा उचलून आपटला, त्याची खापरं अंगणभर झाली. "जित्त्या पोराचा करा भरता? हा काय बसला माहा दिगू!" म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं.

आप्पाजींनी माझ्यापुढे चक्क हात जोडले. "सांग बापा तिले."

मी उठलो. 'काकू, मी दिगू नाही, मी वसंता' — वाक्य तयार होतं, चार दिवस पाठ केलं होतं. तोंड उघडलं. आणि बाहेर आलं ते हे —

"माय वो, तू फुकनीनं मारलं म्हनून नाई गेलो मी. लोटा पडला होता विहिरीत. तो काढाले उतरलो अन् पाय घसरला. तुह्या मारानं नाई गेलो वो."

ते शब्द माझे नव्हते, आवाजही माझा नव्हता. मी ते बाकीच्यांसारखाच बाहेरून ऐकत होतो.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "सकाळीच मारलं होतं त्याले," म्हणाली. "कोनालेच नाई सांगतलं म्या." आणि वर्षभराचं सगळं एकदम रडली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू शेजारचा भाचा ना रे? वसंता?" मग आप्पाजींना म्हणाली, दुसरा करा आणा. तो तिनं स्वतः भरला.

पंधरा दिवसांनी मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढला. त्यात पितळी लोटा निघाला.

आई सावरत गेली. तिला मी वसंता झालो... पण कमळला नाही. ती माझ्यासमोर येईनाच. निघायच्या दिवशी मी तिला दारात गाठलं. "काकूंच्या बोलण्यात कधी आलं असेल, माझ्या कानावर पडलं असेल," असं काहीतरी लॉजिक मी लढवत होतो. माझं मलाच पटत नव्हतं.

"तो आवाज मी ओळखला," ती म्हणाली. "आता तुमी तोंड उघडलं की मले भेव वाटते, तोच बोलन. माह्या भावाच्या आवाजासंग मी संसार कसा करू, सांगा."

मी दमणीत जाऊन बसलो. पुढच्या वर्षी तिला डोणगावला दिली. दर दिवाळीला तिचं कार्ड यायचं, भाऊबीजेला या म्हणून. मी संतापून फाडून टाकायचो. भाऊ कसला!

बायको गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा भाऊबीजेला गेलो. कमळचे केस पांढरे झालेत. तिनं पाट मांडला, ओवाळलं. मग हळूच विचारलं, "त्या दिवसानंतर... दिगू पुन्हा कधी बोलला काय तुमच्या तोंडून?"

"कधीच नाही."

ती ताट हातात धरून उभीच राहिली. "एकडावही नाई?"

"नाही."

"मंग एवढी वर्षं मले सांगतलं काऊन नाई? मले भेव त तेवढंच होतं," ती म्हणाली.

माझ्या तोंडून तेव्हा कोण बोललं, ते मला आजही सांगता येत नाही.