बारशाआधीचे फोटो

“काकू, तुम्ही काहीच करू नका,” फोटो काढणारी मुलगी फोनवर म्हणाली आणि तिथंच माझं डोकं फिरलं. घरात सहा दिवसांची बाळंतीण, परवा बाहेरचं माणूस येणार, आणि म्हणे काही करू नका! आमच्या भुईगावात कुणी नुसतं पाणी प्यायला येणार म्हटलं तरी अंगण झाडून घेतात. मी विचारलं, “म्हणजे पडदेसुद्धा धुवायचे नाहीत?” ती हसली. “नाही काकू, एकदम रिलॅक्स. घर जसं असतं तसंच पाहिजे मला.” आमचं घर जसं असतं तसं मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

पण मला एक खोड आहे. राग आला तरी प्रश्न पडायचे थांबत नाहीत. आमचे हे म्हणतात, हिला सरणावर ठेवलं तरी उठून विचारेल, लाकूड कुठल्या झाडाचं आहे. म्हणून फोन ठेवायच्या आधी मी तिला सगळं विचारून घेतलं. झोपलेल्या पोराचे फोटो काढायला तीन तास कशाला? विरारहून एवढं सामान घेऊन यायचं कशाला? आणि आठव्याच दिवशी का, महिन्याभरानं पोर जरा बाळसं धरतं, तेव्हा का नाही?

ती न कंटाळता सांगत गेली. पंधरा दिवसांपर्यंत बाळ पोटात असल्यासारखंच झोपतं म्हणे, पाय दुमडून, मुठी गालाशी घेऊन. नंतर अंग मोकळं होतं, पोटात कळा सुरू होतात, मग ते कुणाचं ऐकत नाही. मी दोन पोरं वाढवली, आळीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाऊन मोठी झाली, पण हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि खोलीत जाऊन बघितलं. नात झोपली होती, गुडघे पोटाशी, मूठ गालाखाली. खरं होतं की पोरीचं.

आता ह्या सगळ्याला मी हो कसं म्हणाले, ते सांगते. कारण आठवा दिवस म्हणजे बारशाच्या आधी, आणि आमच्याकडे बारसं झाल्याशिवाय बाळाचा फोटो काढत नाहीत. नजर लागते, एवढंच मला सासूबाईंनी सांगितलं होतं. अख्ख्या जगाला प्रश्न विचारणारी मी, तिथं मात्र का म्हणून विचारलं नाही. लेकीनं फोटोंचा विषय काढला तेव्हा मी लगेच तोड काढली. “बारसं होऊ दे, तेराव्या दिवशी बोलाव. चार-पाच दिवसांनी काय बिघडतं!” लेक बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “मागच्या वेळी पण तू हेच म्हणालेलीस.”

मागची वेळ म्हणजे चार वर्षांपूर्वीची. तिचा पहिला मुलगा सातव्या महिन्यात झाला आणि नऊ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. लेकीला ताप भरलेला, ती वरच्या मजल्यावर. तिला चाकाच्या खुर्चीतून दोनदाच खाली आणलं, तेही दोन-दोन मिनिटं. जावई सातिवलीला कारखान्यात, पाळी संपवून धावत यायचा. काचेसमोर दिवसभर उभी असायची ती मी. तिसऱ्या दिवशी जावयानं खिशातून मोबाईल काढला आणि मी मध्ये हात घातला. म्हटलं, “बारसं होऊ द्या, मग काढा हवे तेवढे.” तो बिचारा गरीब स्वभावाचा, त्यानं मोबाईल परत खिशात ठेवला.

बारसं झालंच नाही. त्या पोराचा एकही फोटो नाही, आणि नाही तो माझ्यामुळेच. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. लेकीनं तर चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, तो कसा दिसायचा म्हणून. आज विचारेल, उद्या विचारेल, ह्या धास्तीनं मी तिच्यापुढं अखंड काहीबाही बडबडत राहायचे. भाजीचे भाव, शेजारच्या कोंबड्या, काय वाट्टेल ते.

म्हणून तिनं ते वाक्य टाकलं तेव्हा मी म्हटलं, “बोलाव बाय, आठव्या दिवशीच बोलाव.”

तर तयारी. त्या मुलीनं मोबाईलवर सूचना पाठवल्या होत्या, लेकीनं वाचून दाखवल्या. खोली उबदार ठेवा. हे मला पटलं. बाळाला ती यायच्या वेळेलाच पाजा. पटलं. कपडे आधीपासून सैल करून ठेवा, म्हणजे अंगावरचे वळ जातील. हे तर फारच आवडलं, कारण झबल्याच्या नाड्यांचे वळ पडतात हे मला माहीत होतं, पण ते फोटोत येतात हा विचार कुणी केला असेल असं वाटलं नव्हतं. खिडकी मोकळी ठेवा. इथं मी अडले. बाळंतीण घरी आल्यापासून त्या खिडकीच्या फटींत मी जुनी लुगडी कोंबून ठेवली होती. बाळंतिणीच्या खोलीत वारा? आणि शेवटी, वास येणारं काही लावू नका. “मग हिला न्हाऊ घालू की नको?” मी विचारलं. लेक म्हणाली, “आई, जे रोज करतेस ते कर, पण जरा कमी कर.”

आता कमी करणं हा आमचा स्वभाव नाही. आठव्या दिवशी सकाळी मी नातीला तेल लावलं, न्हाऊ घातलं आणि धुरी दिली. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली. बाहेरचं माणूस येणार, त्यातून कॅमेरा, म्हणजे नजरेचा धोका दुप्पट. म्हणून धुरीही दुप्पट. बरोबर त्याच वेळी ती मुलगी दारात आली, नाक वर करून म्हणाली, “काकू, आत काही जळतंय का?”

खोली पार धुरकट झाली होती. लेक पलंगावर बसून डोळे चोळत होती आणि नात तेवढी शांत झोपलेली. ती पोरगी रागावली नाही, हे तिचं कौतुक. मीच स्वतःवर रागावले. बाळाला तिनं लगेच ओटीवर न्यायला सांगितलं. मग मी लुगडी ओढून काढली, तर खिडकी उघडेना, लाकूड फुगलेलं. ह्यांना हाक मारली. हे केळीच्या वाडीतून कोयता घेऊनच आले आणि कोयत्याच्या मुठीनं चौकट ठोकत बसले. खिडकी उघडली तसा उजेड थेट पलंगावर आला. “हा! हाच पाहिजे होता मला,” मुलगी म्हणाली. धूर जायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मी तिला चहा दिला आणि तिची बॅग बघून घेतली.

बॅगेत काय नव्हतं! शालीच शाली, एक गोल फुगीर गादी, आणि चक्क एक हीटर. मला हसू आवरेना. “अगं, वसईत हीटर? इथं माणसं उभ्या-उभ्या घामानं निथळतात.” “आपल्याला नाही हो काकू. उघडं बाळ लगेच गारठतं.” बाळाला हात लावायच्या आधी तिनं बोटातल्या अंगठ्या काढल्या, हात धुतले आणि तळवे एकमेकांवर घासून गरम केले. तिथं ती मला आवडली. आमची सुईण असंच करायची, तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मग तिनं मोबाईल गादीजवळ ठेवला, त्यातून नुसता शूऽऽऽ असा आवाज यायला लागला. “हे काय गं? बिघडला वाटतं.” “नाही काकू, पोटात बाळाला असाच आवाज येतो. रक्त वाहतं ना, त्याचा. म्हणून शांत झोपतात.” मी बघतच राहिले. एवढी वर्षं मी रडतं पोर खांद्यावर घेऊन तोंडानं शूऽऽऽ करतेय, माझी आई करायची, तिची आईही करत असणार. का करतो, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तिटीवरून मात्र आमची थोडी जुंपली. मी काजळाची डबी आणली तर ती म्हणाली, गालावर नको, पसरेल. मी म्हटलं, “तीट नाही तर फोटो नाही.” “मग तळपायाला लावा ना काकू. माझ्या मुलाला माझी आई अजून लावते, दुसरीत आहे तो.” मी तळपायाला लावली, चांगली ठसठशीत. हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या तिनं काढायला लावल्या नाहीत, उलट म्हणाली, राहू द्या, छान दिसतात. आणि तिच्या सगळ्या शाली बाजूला ठेवून तिनं पलंगावरची पांढरी लोकरीची शाल उचलली. ती शेजारच्या ख्रिस्ती बायनं दिलेली, तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्याची.

मग मी दाराशी स्टूल घेऊन बसले. ती पोरगी काय करते हे मला बघायचंच होतं. ती काही करतच नव्हती! बाळाची एक मिटलेली मूठ उघडायला दहा मिनिटं. घाई नाही, ओढाताण नाही. बाळ कुसकुसलं की थांबायची, थोपटायची, पुन्हा वाट बघायची. फोटोपेक्षा वाट बघण्यातच तिचा वेळ जात होता. तीन तास कशाला लागतात ते मला तेव्हा कळलं.

“काकू, या, बघा,” तिनं बोलावलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तिनं नातीचा चेहरा मोठा केला होता. भुवयांच्या जागी नुसती सोनेरी लव. दूध चोखून चोखून वरच्या ओठावर आलेला पापुद्रा. आठ दिवस हे तोंड मी दोन वेळा धूत होते आणि ह्यातलं काही मी पाहिलं नव्हतं. लेकही वाकून बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली, “आई, तो असाच होता का गं?”

“हो गं, अगदी अस्साच! नाक तर हेच!” माझ्या तोंडात तयार होतं. सोपं होतं. लेक समाधानात राहिली असती आणि मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. पण मग ती ह्या नातीच्या फोटोत जन्मभर त्याला बघत बसली असती, आणि ते नाक मी माझ्या मनानं लावलेलं असतं. मला टोपरं आठवतं, निळं, त्याला मोठं होणारं. नाकावरची चिकटपट्टी आठवते, नळ्या आठवतात. काचेत दिसणारं माझंच तोंड आठवतं. नऊ दिवस मी तिथं उभी होते आणि त्याचा चेहरा माझ्यापाशी नाही. कधी पुसला गेला तेसुद्धा कळलं नाही.

“मला आठवत नाही, बाय,” मी म्हटलं. “खूप आठवून बघते. येत नाही गं.”

“मला पण नाही येत,” लेक म्हणाली. “मला वाटायचं, तुझ्याकडे तरी असेल.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. ती त्यावर हो म्हणाली नाही, जाऊ दे असंही म्हणाली नाही. फोटोवाली मुलगी कॅमेरा खाली घेऊन उभी होती. तिला काय कळलं कोण जाणे, हळूच म्हणाली, “ताई, थोडं थांबू या का?”

“नको,” लेक म्हणाली. तिनं बाळाला उचलून मांडीवर घेतलं, पलंगावर सरकून जागा केली. “आईला पण घे.”

मी गाऊनवर होते. केस तेलकट, हाताला धुरीची राख, डोळे वाहत होते. “अगं थांब, निदान तोंड तरी धुऊन येते. साडी नेसते. नंतर काढू ना.”

“नंतर नको, आई,” ती म्हणाली. “आत्ता.”

मी बसले.