वहाबने पाहिलेलं पीटर्सबर्ग

सौदीतल्या बुरैदा शहरात छताला नक्षी करायची तर लोक वहाब परकारला बोलावत. दापोलीजवळच्या गावातून विशीत आलेला हा माणूस एकतीस वर्षं दगड कापत, प्लास्टर कालवत, घासत राहिला. अलीकडे त्याला खोकला असायचा. "धुळीचा आहे," असं तो फोनवर बायकोला, इस्मतला, सांगून मोकळा व्हायचा.

त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो तिथे राहत होता तो मालक, हम्माद खजुरांचा व्यापारी. नव्या घराचा दिवाणखाना रशियातल्या महालासारखा हवा, हा त्याचा हट्ट. फोटोंवरून जमेना, तेव्हा जानेवारीत तो वहाबला घेऊन थेट सेंट पीटर्सबर्गला गेला.

तिथे उणे अठरा. गोठलेल्या कालव्याकाठी पिवळ्या, पिस्ता रंगाच्या इमारती ओळीने उभ्या होत्या. खिडक्यांवर फुलांच्या माळा, सिंहांची तोंडं. दारांशी दगडी पुरुष खांद्यांवर सज्जे तोलत होते आणि त्यांच्या उघड्या पाठींवर बर्फ साचला होता. वहाब मान वर करूनच चालला. एका कमानीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणी बघणार नाही तिथेही, पानाची शीर न् शीर उठवलेली दिसली. "सुभानअल्ला," तो पुटपुटला.

"हे केलं कुणी?" त्याने हम्मादकरवी सोबतच्या गाइड बाईला विचारलं. तिने राजाचं नाव सांगितलं, मग वास्तुकाराचं.

"ते नव्हे. हात कुणाचे?"

"खेड्यांतून आणलेले मजूर. थंडीतापाने पुष्कळ मेले. त्यांची नावं कोण लिहिणार?"

तिसऱ्या दिवशी महालाचा संगमरवरी जिना चढताना वहाबचा श्वास अडकला. सोन्याने मढवलेल्या छताखाली तो पायरीवरच बसला. हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला. डॉक्टर हम्मादशी इंग्रजीत बराच वेळ बोलला, आणि हम्मादने अरबीत सांगितलं, "फुफ्फुसांत धूळ बसलीय. औषधं देतोय."

पण 'स्टॉप वर्क' एवढं इंग्रजी वहाबला कळत होतं. 

परतीच्या विमानात हम्माद म्हणाला, "माझं छत तेवढं कर. मग तुला कायमचं घरी पाठवतो."

"करतो," वहाब म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हतीच; पासपोर्ट हम्मादच्या ताब्यात असायचा. पण खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही करून बघायचं होतं.

दीड महिना तो रोज परांचीवर चढला. मास्क लावला की जीव घुसमटायचा, म्हणून तो काढून ठेवायचा. एक कोपरा पुरा झाला आणि तो कोसळला. खोलीतला सोबती रफीक त्याला हॉस्पिटलात घेऊन गेला. चार दिवसांनी हम्माद पासपोर्ट घेऊन आला. वहाबच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, "खलास, वहाब. घरी जा." उरलेल्या छताला त्याने कारखान्यातले तयार नक्षीचे तुकडे बसवून घेतले.

गावी आल्यावर त्याला आडवं पडणंही जमेना. उशांना टेकून तो बसूनच झोपायचा. दापोलीच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलांचे जुने कागद पाहून इस्मतला सगळं सांगितलं. ती घरी येऊन त्याच्यासमोर बसली.

"तुम्हाला रशियातच कळलं होतं?"

"हो."

"मग लगेच आला का नाहीत?"

वहाबने सांगायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत इस्मत उठून आत गेली होती. तो विषय तिने पुन्हा काढला नाही आणि त्यानेही नाही. मे महिन्यात, भर दुपारी, वहाब गेला.