साडूच्या गाडीला माझं वळण

साडूची गाडी मी बिघडवली नाही. तिला फक्त माझं वळण लावलं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमचे साडू दिलीपराव मुंबईहून आष्ट्याला परदेशी मोटार घेऊन आले. क्लचच नाही! गिअर आपोआप पडायचे. (माझ्या जीपचा गिअर टाकायला दोन हात लागायचे. थंडीत तिसरा शोधावा लागे!)

"हिच्यात कॉम्प्युटर आहे," दिलीपराव म्हणाले. "चालवणाऱ्याची सवय हेरतो आणि त्याच्या कलानं गिअर बदलतो."

"बघा! गाडीसुदिक दाजींचं मन वळखती," माझी बायको सुमन माझ्याकडे बघत म्हणाली. माझ्या पोटात जाळ झाला!

त्यातच त्यांना कामासाठी पंधरा दिवस मद्रासला जावं लागलं. "गाडी उभी ठेवू नका, रोज फिरवा," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

फिरवली की! आष्टा-सांगली, सांगली-आष्टा, सगळ्या जळफळाटासकट ॲक्सिलरेटर तळाला! पहिले दोन दिवस बिचारी शहाण्यासारखी वरचा गिअर टाकायची. चौथ्या दिवसापासून तीही ईर्षेला पेटली. इंजिन बोंबलेपर्यंत खालचा गिअर सोडेना! आठव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एका एसटीला मागं टाकलं.

दिलीपराव परतले. आम्हा सगळ्यांना घेऊन सांगलीला निघाले. त्यांनी अलगद पाय टेकवला मात्र, गाडी अशी उधळली की सुमनच्या मांडीवरचं भडंग थेट त्यांच्या टकलावर!

"गिअरबॉक्स गेला!" दिलीपराव पांढरेफटक. मला आतून गुदगुल्या झाल्या. मग आठवलं, गाडी माझ्याच ताब्यात होती! गुदगुल्या थांबल्या.

सांगलीत मस्कतला काम करून आलेले एक मिस्त्री होते. ते एक फेरी मारून आले.

"गिअरबॉक्स ठणठणीत हाय. पर ह्या पंधरवड्यात चालवली कुणी? लय खुन्नस धरून चालवलीया. गाडी त्येच शिकली!"

सगळे माझ्याकडे वळले. मी गॅरेजचं छप्पर बघू लागलो.

मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढून ठेवली. "च्या पिऊस्तवर शिकल्यालं समदं इसरंल. मग मालकांच्या हाताखाली नव्यानं शिकंल."

सुमन पुढं सरकली. "मिस्त्री, आमच्या ह्यांचं बी आसं काय करता येतंय का?"

मिस्त्रींनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"न्हाई वैनी. ह्ये मॉडेल लय जुनं हाय. ह्यात शिकायची सोयच न्हाई!"